रॅमच्या पाकिटावर न छापलेला आकडा

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा आपला सामान्य ग्राहकांसाठीचा मेमरीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी कधी जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडून त्यात रॅमची पट्टी बसवली असेल, त्यांना हे नाव ओळखीचं असेल. कंपनीने दिलेलं कारण सरळ होतं. एआयच्या डेटा सेंटर्सकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे, त्या बड्या गिऱ्हाइकांना माल पुरवायचा आहे. त्याच सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत रॅमचे भाव चढले. “एआयने रॅम महाग केली” हे वाक्य मग सगळीकडे फिरू लागलं.

वाक्य खोटं नाही. पण या निमित्ताने जी चर्चा व्हायला हवी होती, ती झालीच नाही. आपण इतकी वर्षं रॅम म्हणून जे विकत घेतोय, त्यात नेमकं काय सुधारलं आणि काय तसंच राहिलं, हा खरा प्रश्न आहे. भाव आज चढले, उद्या उतरतील. मेमरीचा बाजार पूर्वीपासून तसाच आहे. मात्र त्या चिपच्या पोटात एक आकडा गेली पंचवीस वर्षं जवळपास जागच्या जागी उभा आहे, आणि तो पाकिटावर कधीच ठळक छापला जात नाही.

या ब्लॉगवर असा विषय का, असं काही वाचकांना वाटेल. साधं कारण आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या, वस्त्यांतल्या बहुतेक मुलांचा संगणक म्हणजे तीन-चार जीबी रॅमचा स्वस्त फोन किंवा कुणाकडून तरी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप. मेमरी हळू चालते, वीज खाते, तेव्हा त्याची झळ सर्वात आधी त्यांना बसते. महागड्या यंत्रात हा दोष झाकायला जागा असते. स्वस्त यंत्रात तो उघडा पडतो.

पाणी झिरपणारी बादली

आज आपण ज्याला रॅम म्हणतो ती मुख्यतः डीरॅम. तिची मूळ कल्पना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यात एक बिट साठवायचा. कपॅसिटरमध्ये भार असेल तर १, नसेल तर ०. इतकी साधी आणि स्वस्त रचना दुसरी नव्हती, म्हणून ती टिकली. १९७० साली इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १,०२४ बिट मावत होते. (तिच्यात प्रत्येक बिटला तीन ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड यांची एक-ट्रान्झिस्टरवाली रचना नंतरच्या चिप्समध्ये रुळली.) आज नखाएवढ्या चिपवर अब्जावधी बिट बसतात.

या स्वस्ताईची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली गोष्ट, कपॅसिटर गळका असतो. त्यातला भार झिरपत राहतो. म्हणून प्रत्येक पेशी ठरावीक वेळात वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर४पर्यंत सर्वसाधारण नियम ६४ मिलिसेकंदांचा होता, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळी मेमरी नव्याने भरायची. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर गळती वाढते, मग हेच काम दुप्पट वेगाने करावं लागतं. तुमचा फोन खिशात झोपलेला असतो तेव्हाही हे भरणं थांबत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. डीरॅममधून एक शब्द वाचायचा असेल तर त्या शब्दापुरतं वाचता येत नाही. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देत नसत. चिठ्ठी द्यायची, मग शिपाई पुस्तक आणून देणार. समजा तो शिपाई एका पानासाठी अख्खा कप्पाच उचलून टेबलावर आणतो. शिवाय त्या पुस्तकांची शाई अशी की कप्पा हलवताच ती उडते, त्यामुळे परत ठेवण्याआधी सगळी पानं पुन्हा लिहून काढावी लागतात. डीरॅम नेमकी अशीच चालते. एक पूर्ण ओळ ‘उघडायची’, तिच्यातला अगदी क्षीण भार सेन्स ॲम्प्लिफायर नावाच्या मंडलाने ओळखून मोठा करायचा, हवा तेवढा तुकडा बाहेर पाठवायचा, ओळ पुन्हा भरायची, बंद करायची आणि मग दुसरी ओळ उघडायची. संगणकातल्या नेहमीच्या पट्टीवर एका वेळी उघडणारी ओळ सगळ्या चिप्स मिळून साधारण ८ किलोबाइटची असते. प्रोसेसरला त्यातले हवे असतात ६४ बाइट. वीज १२८ पट मजकुरावर खर्च झाली.

पुढचे ६४ बाइट त्याच ओळीतले असतील तर उत्तम, ओळ उघडीच आहे. ते दुसऱ्या ओळीतले असतील तर सगळा खटाटोप पुन्हा. म्हणून ‘मेमरी किती वेगवान’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. काय मागताय आणि कोणत्या क्रमाने मागताय, यावर ते ठरतं.

तोच जुना विलंब

आता त्या आकड्याकडे येऊ. डीडीआरच्या पहिल्या पिढीतली ४०० क्रमांकाची पट्टी घ्या. तिचा ‘सीएल’, म्हणजे उघड्या ओळीतून मजकूर मागितल्यापासून तो बाहेर येईपर्यंतचे टिक, साधारण ३ असायचा. एक टिक ५ नॅनोसेकंदांचा. म्हणजे १५ नॅनोसेकंद. डीडीआर४ची ३२०० क्रमांकाची मानक पट्टी, सीएल २२, एक टिक ०.६२५ नॅनोसेकंद. गुणाकार करा, १३.७५ येतात. डीडीआर५ची ४८०० क्रमांकाची, सीएल ४०. साडेसोळा नॅनोसेकंदांहून थोडं जास्त!

पाकिटावरचा मोठा आकडा ४००वरून ४८००वर गेला, बारा पट झाला. पहिला बाइट हाती यायला लागणारा वेळ मात्र जिथल्या तिथे. विक्रेता खोटं बोलत नाही. ४८०० हा आकडा मजकूर वाहू लागल्यावर तो किती वेगाने वाहतो ते सांगतो. नळ सोडल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो, हे तो सांगत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि झुरिकच्या ईटीएचमध्ये ओनुर मुतलू यांच्या गटाने मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. १९९९ ते २०१७ या काळात डीरॅम चिपची क्षमता १२८ पटींनी वाढली, वहनक्षमता २० पटींनी, आणि विलंब कमी झाला जेमतेम १.३ पटींनी.

त्या दरम्यान प्रोसेसर कुठच्या कुठे गेले. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक टिक पाव नॅनोसेकंदाचा. मेमरीपर्यंतची पूर्ण फेरी, ओळ बंद करणं, उघडणं, वाचणं आणि मधल्या वाटा धरून, ८० नॅनोसेकंदांची झाली तर प्रोसेसर ३२० टिक हात बांधून बसला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या वुल्फ आणि मॅकी या दोघांनी १९९५ सालीच ‘मेमरी वॉल’, म्हणजे मेमरीची भिंत, असा शब्द वापरून हा इशारा दिला होता. तीस वर्षांनी ती भिंत उभीच आहे. आपण तिच्या बाजूने कॅशच्या पायवाटा काढल्या आहेत एवढंच.

विजेचा हिशेब तर याहून बोलका आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत काही आकडे मांडले होते. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर ३२ बिटांची एक बेरीज करायला लागते ०.१ पिकोज्यूल ऊर्जा. डीरॅममधून आठ बाइट आणायला लागतात १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. बेरीज जवळपास फुकट आहे, पैसे जातात ते आकडे आणण्यात. सुई दहा रुपयांची आणि ती आणायला रिक्षाचे लाख रुपये, असा हा व्यवहार. २०१८ साली गूगलच्या अभियंत्यांसह झालेल्या एका अभ्यासात ब्राउझर, व्हिडिओ पाहणं, व्हिडिओ रेकॉर्ड करणं अशी रोजची कामं तपासली गेली. त्यांत यंत्राच्या एकूण ऊर्जेपैकी सरासरी ६२.७ टक्के ऊर्जा मजकूर इकडून तिकडे हलवण्यात गेल्याचं दिसलं. तुमच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत का टिकत नाही, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

अडलंय कुठे?

“तंत्रज्ञानाची मर्यादा आहे, दुसरं काय?” असं आपण गृहीत धरतो. मला हे पटत नाही. मर्यादा आहेत, पण विलंब कमी करण्याची वाट कुणाला सापडलेली नाही असं अजिबात नाही.

डीरॅमच्या आत एका उभ्या तारेवर, जिला बिटलाइन म्हणतात, साधारण ५१२ पेशी टांगलेल्या असतात. तार लांब, म्हणून तिला भरायला वेळ लागतो. तार आखूड केली की मेमरी लगेच चपळ होते. पण मग तितक्याच पेशींसाठी जास्त तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला जास्त सेन्स ॲम्प्लिफायर लागतात. ते पेशीच्या मानाने अवाढव्य. चिप मोठी होते, प्रति जीबी भाव वाढतो. अशी चिप बनवता येत नाही म्हणावं, तर ती बनलेली आहे. फुजित्सूची एफसीरॅम आणि इन्फिनियन-मायक्रॉन यांची आरएलडीरॅम याच धर्तीवर बाजारात आल्या होत्या. इंटरनेटचे मोठे राउटर बनवणाऱ्यांनी त्या घेतल्या, कारण त्यांना एकेक नॅनोसेकंद मोलाचा होता आणि जादा पैसे मोजायची तयारी होती. तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये त्या कधी आल्या नाहीत.

२०१३ साली मुतलू यांच्या गटाने एक मधला मार्ग सुचवला. लांब तार तशीच ठेवायची, पण मध्ये एक ट्रान्झिस्टर घालून तिचे दोन भाग करायचे. सेन्स ॲम्प्लिफायरच्या जवळचा छोटा भाग वेगवान, लांबचा मोठा भाग नेहमीसारखा. सतत लागणारा मजकूर जवळच्या भागात ठेवायचा. चिपचा आकार वाढणार सुमारे ३ टक्के. त्याच वर्षी याच गटातल्या विवेक शेषाद्री या विद्यार्थ्याने आणखी साधी गोष्ट दाखवली. मेमरीतला मजकूर मेमरीतच दुसरीकडे नकलायचा असेल तर तो प्रोसेसरपर्यंत आणून परत का पाठवायचा? एक ओळ उघडा, भार सेन्स ॲम्प्लिफायरमध्ये आहे तोवर दुसरी ओळ उघडा, नक्कल झाली. ४ किलोबाइटच्या नकलेला लागणारा वेळ ११.६ पट कमी, ऊर्जा ७४.४ पट कमी. (शेषाद्री पुढे भारतात येऊन मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रुजू झाले आणि ‘कार्या’च्या संस्थापकांपैकी एक झाले. या उपक्रमाच्या सुरुवातीच्या एका अभ्यासात मुंबईच्या कुंभारवाड्यातल्या आणि पालघर जिल्ह्यातल्या आमले गावातल्या लोकांकडून मराठी वाक्यं वाचून घेतली गेली होती, मोबदला देऊन. डीरॅमच्या ओळींवरून मराठीच्या ओळींवर आलेला हा माणूस मला फार भावतो.)

दोन्ही कल्पनांना आता बारा वर्षं उलटली. मी-तुम्ही दुकानातून घेतो त्या पट्टीत त्यांतली एकही नाही.

का नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेपेक्षा दुकानात जास्त सापडतं. मेमरी हा ‘कमोडिटी’ माल आहे, गहू किंवा साखरेसारखा. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक डीरॅम बनवतात. सगळ्यांचा माल एकाच मानकाचा, म्हणून स्पर्धा फक्त प्रति जीबी भावावर. तिथे ३ टक्के चिप वाढवणारा मागे पडतो. कधीकधी ही स्पर्धाही नावापुरतीच होती. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या न्याय विभागाने भाव संगनमताने ठरवल्याबद्दल डीरॅम कंपन्यांवर खटले भरले. सॅमसंगला ३० कोटी डॉलर, हायनिक्सला १८.५ कोटी आणि इन्फिनियनला १६ कोटी डॉलर दंड झाला. आणि आपण, गिऱ्हाईक? आपण दुकानात जाऊन दोनच गोष्टी विचारतो. किती जीबी? कितीला? जे विचारलं जात नाही, ते कुणी सुधारत नाही.

सावधपणा कुठे रास्त, कुठे महाग

इथे कंपन्यांची बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. मेमरीने चूक केली तर ती गाजावाजा न करता करते. बँकेच्या खात्यातला एक बिट उलटला तर यंत्र बंद पडत नाही, हिशेब चुकतो. म्हणून सर्वात वाईट पेशी, सर्वात वाईट तापमान, म्हातारी झालेली चिप, असं सगळं धरून वेळा ठरवल्या जातात. पेशी लहान आणि दाट होत गेल्या तसं काय होतं, हे २०१४ साली ‘रोहॅमर’ने दाखवलं. एकच ओळ वारंवार उघडली तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० पट्ट्यांत हा दोष सापडला. अशा चिपच्या बाबतीत वेळा कापा म्हणणं सोपं आहे, जबाबदारी घेणं अवघड.

पण सर्वात दुबळ्या पेशीच्या भीतीने बाकी सगळ्यांना किती बांधून ठेवायचं? २०१५ साली ११५ पट्ट्या मोजून पाहिल्या गेल्या. यंत्र ५५ अंशांवर असेल, आणि बहुतेक वेळा ते त्याच्या आसपास किंवा खालीच असतं, तर ओळ उघडण्याची वेळ सरासरी १७ टक्के, बंद करण्याची ३५ टक्के आणि लिहिलेलं पक्कं होण्याची ५४ टक्के कमी करूनही चूक झाली नाही. पुनर्भरणाचं तेच. २०१२च्या एका अभ्यासानुसार ३२ जीबी मेमरीत २५६ मिलिसेकंदही दम न धरणाऱ्या पेशी सुमारे एक हजार. बाकीच्या अब्जावधी पेशी चौपट वेळ आरामात काढतात, तरी सगळ्यांना ६४ मिलिसेकंदांच्या रांगेत उभं केलं जातं. दुबळ्या ओळी ओळखून त्यांनाच वारंवार भरलं, तर पुनर्भरणाचं काम तीन-चतुर्थांश कमी होतं. अडचण अशी की काही पेशी लहरी असतात, आज दमदार आणि महिन्याने गळक्या. म्हणजे एकदा मोजून भागत नाही, अधूनमधून मोजत राहावं लागतं. हे काम करता येण्यासारखं आहे. पण प्रत्येक पट्टीचं असं प्रगतिपुस्तक ठेवायचं तर पट्ट्या एकसारख्या राहत नाहीत, आणि कमोडिटीच्या बाजाराला नेमकं तेच नको असतं.

विजेच्या बाबतीत काहीच झालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. डीडीआरच्या पहिल्या पिढीला २.५ व्होल्ट लागत, डीडीआर५ला १.१ पुरतात. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे हा फरक पाचपटीच्या घरातला. फोनमधल्या एलपीडीडीआर मेमरीने तर झोपेचे प्रकारच शोधून काढले. वापरात नसलेला भाग भरायचाच नाही, थंडी असेल तर भरण्याचा वेग कमी करायचा, वगैरे. हे का झालं? कारण फोन बनवणाऱ्यांनी ते मागितलं. बॅटरी किती तास चालते हा आकडा फोनच्या जाहिरातीत असतो. मागणारा होता, म्हणून देणारा मिळाला.

एआयची मेमरीही तशीच. एचबीएम नावाच्या या प्रकारात चिप्सचे थर एकावर एक रचून त्यांना आरपार तारांनी जोडतात आणि तो मनोरा प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवतात. साध्या पट्टीला ६४ वाटा, एचबीएम३ईपर्यंतच्या एका मनोऱ्याला १,०२४. अंतर कमी, म्हणून प्रत्येक बिटामागे वीज कमी. मजकूर जवळ आणा, हा धडा कंपन्यांना पूर्ण येतो, हे यातून दिसतं. मात्र तेवढेच बिट बनवायला एचबीएम३ई साध्या डीडीआर५च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते, असं खुद्द मायक्रॉननेच सांगितलं आहे. ते सिलिकॉन कुणाच्या वाट्यातून आलं, हे लॅमिंग्टन रोडवरच्या भावाने आपल्याला दाखवलं.

आपल्या हातात काय

मी एका शिक्षणसंस्थेच्या संगणक खरेदीच्या समितीवर काही काळ होतो. निविदेत रॅमपुढे एकच ओळ असायची, ‘१६ जीबी डीडीआर४’. पुरवठादाराने १६ जीबीची एकच पट्टी घातली. तेवढ्याच १६ जीबीसाठी ८-८च्या दोन पट्ट्या घातल्या असत्या तर दोन्ही वाटा चालू झाल्या असत्या आणि वहनक्षमता दुप्पट मिळाली असती. त्याने फसवणूक केली का? नाही. आम्ही मागितलंच नव्हतं. पुढच्या खेपेला निविदेत ‘दोन पट्ट्या, दोन वाटा’ एवढं वाढवून घेतलं. चार शब्द लिहायला अर्धा तास चर्चा झाली, कारण समितीत बहुतेकांना ती तांत्रिक लुडबूड वाटत होती. सरकार, विद्यापीठं, शाळा हजारोंनी यंत्रं घेतात. त्यांच्या निविदांत विलंब नॅनोसेकंदांत आणि रिकाम्या यंत्राची वीज वॅटमध्ये मागितली जाऊ लागली, तर पाकिटावरचा मजकूर आपोआप बदलेल. गेम खेळणाऱ्या पोरांनी हे केव्हाच करून दाखवलंय. ती सीएल विचारतात, म्हणून ६००० क्रमांकाच्या सीएल ३०वाल्या, १० नॅनोसेकंदांच्या पट्ट्या बाजारात आहेत. जास्त भावाने, पण आहेत.

दुसरी बाजू सॉफ्टवेअरची. पुण्यात, हिंजवडीत बसून कोड लिहिणाऱ्या मुलामुलींना माझं एकच सांगणं असतं, कोष्टक ज्या क्रमाने साठवलंय त्याच क्रमाने वाचा. आडवं साठवलेलं उभं वाचलं की प्रत्येक आकड्याला नवी ओळ उघडते आणि तोच हिशेब कित्येक पट हळू होतो. अल्गोरिदम तोच, उत्तर तेच, बॅटरी मात्र गेली. साध्या फोनवर चालणाऱ्या ॲपमध्ये हे पाप आहे, असं मी जरा जोरातच म्हणतो. (जाता जाता: सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दूच्या अक्षराला दोन आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘किती’ हा शब्द लिहायला बारा बाइट! फोटो-व्हिडिओपुढे हे काहीच नाही, पण आपली भाषा मेमरीत थोडं जास्त भाडं भरते हे खरं.)

आणि तिसरं काम संशोधनाचं. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प २०२३ साली जाहीर झाला तेव्हा ‘भारतात मेमरी बनणार’ अशा बातम्या आल्या. तो प्रकल्प चिप्सची जुळणी आणि चाचणी करणारा आहे, पेशी कोरणारा नाही. पेशी कोरणारा कारखाना उभा करायला अफाट पैसा लागतो. पण पेशी मोजायला तेवढा लागत नाही. २०१७ साली हसन हसन आणि सहकाऱ्यांनी सॉफ्टएमसी नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. एक एफपीजीए बोर्ड, एक रॅमची पट्टी आणि तापमान वाढवायची सोय असली की कोणतीही पट्टी किती नॅनोसेकंदांत उघडते, किती वेळ दम धरते, हे मोजता येतं. मुतलू यांची व्याख्यानंही इंटरनेटवर मोफत आहेत. म्हणजे चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे परवडण्यासारखं आहे. आपल्याकडे विदर्भात, खानदेशात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली लॅपटॉप चालतो. तिथे बाजारातल्या पट्ट्या कशा वागतात, पुनर्भरण दुप्पट होण्याची वेळ किती वेळा येते, याची मोजणी नागपूर किंवा जळगावच्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी. झुरिकच्या हवेत ती कोण करणार? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय सापडत नाही म्हणून दरवर्षी तेच ‘हजेरीचं ॲप’ बनवणाऱ्या मुलांना माझं हे आमंत्रण आहे. दुकानातून चार कंपन्यांच्या आठ पट्ट्या आणा, मे महिन्यात मोजा आणि आकडे मराठीत छापा.